फोटोतला गुडघा, दुखणारा गुडघा

गुडघ्याचा फोटो काढला की निदान घरी येतं ते दोन-तीन ठरलेल्या वाक्यांत. 'गॅप कमी झालीय', 'गादी झिजलीय', 'वंगण संपलंय'. ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून घरातला प्रत्येकजण एकदा बघतो. कुणाला फारसं काही कळत नाही, पण त्या दिवसापासून घरातली भाषा बदलते. 'आई, तू उठू नकोस, मी आणते.' 'जिना नको, झीज वाढेल.' आधी बाजार सुटतो, मग देवळातली प्रदक्षिणा, मग शेजारणीकडचं जाणं-येणं. सहा महिन्यांत मांडीचे स्नायू रोडावतात, वजन तीन-चार किलोंनी वाढतं, रात्रीची झोप उडते आणि गुडघा पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागतो. मग सगळे म्हणतात, 'बघा, सांगितलं होतं ना, झीज वाढली.' प्रत्यक्षात या सहा महिन्यांत हाडाच्या टोकावरच्या कूर्चेत फारसा फरक पडलेलाही नसेल. बदललंय ते बाकी सगळं. माझं म्हणणं असं, की जुन्या संधिवातात झिजेइतकंच नुकसान 'झीज' या शब्दानं केलेलं असतं. दुखणं सांध्यात उगवतं खरं, पण ते किती दुखेल, किती काळ दुखेल आणि त्यापायी आयुष्यातलं काय काय सोडून द्यावं लागेल हे सांधा एकटा ठरवत नाही. स्नायू, वजन, झोप, मनातली धास्ती आणि घरातली बोलणी या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. हे वाटेकरी औषधाच्या गोळीनं बदलत नाहीत, पण ते बदलता येतात.

आधी एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडे 'संधिवात' या एकाच पोत्यात सगळं भरलेलं असतं. वयाबरोबर गुडघा, कंबर, बोटांची टोकं दुखू लागतात, तो झिजेचा संधिवात. सकाळी उठल्यावर त्यातला ताठरपणा पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सुटतो. दुसरा तो, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. मनगटं आणि बोटांची मुळं दोन्ही हातांना सुजतात, सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे माहीत झालेल्या भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघर पाहणी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या कार्यक्रमाचा तो भाग होता. सांधे-स्नायूंचं दुखणं सांगणारे लोक दर शंभरात सुमारे अठरा निघाले. आमवाताचे रुग्ण मात्र दर दोनशेत एकाच्या आसपास होते. म्हणजे 'सांधे दुखतात' म्हणणाऱ्या बहुसंख्य लोकांना आमवात नसतो, आणि ज्यांना तो असतो त्यांना वेळ दवडून चालत नाही. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं दोघांनाही लागू आहे. जिथे वाट वेगळी होते, तिथे तसं सांगितलं आहे.

आता फोटोकडे वळू. फोटोतली झीज आणि गुडघ्याचं दुखणं यांचं नातं आपण समजतो तेवढं घट्ट नाही. २००८ मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. फोटोत झीज दिसणाऱ्यांपैकी कुणाच्या पाहणीत १५ टक्के लोकांना दुखत होतं, तर कुणाच्या ८१ टक्क्यांना. उलट बाजूनं, गुडघा दुखतो म्हणणाऱ्यांपैकी फोटोत झीज सापडलेले १५ ते ७६ टक्के. फोटो काढताना कोणता कोन घेतला, दुखणं म्हणजे काय धरलं, माणसं कोणत्या वयाची होती, यावर आकडा झुलतो हे मान्य, पण दोन्हींचं नातं एकास एक नाही एवढं त्यातून नक्की कळतं. ब्रिटनमध्ये उपचारांचे सरकारी निकष ठरवणारी नाईस ही संस्था तर सांगते, की माणूस ४५ वर्षांपुढचा असेल, हालचालीबरोबर सांधा दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल, तर निदानासाठी सहसा फोटोची गरजच नाही. याहून चक्रावणारा पुरावा अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात गुडघ्याच्या झिजेचे १८० रुग्ण घेतले. काहींचा गुडघा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि उरलेल्यांच्या कातडीवर फक्त छेद देऊन टाके घातले. आपल्यावर काय झालं हे कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षं पाठपुरावा केला, पण खऱ्या शस्त्रक्रियेचा गट कोणत्याही टप्प्यावर खोट्या शस्त्रक्रियेच्या गटाच्या पुढे गेला नाही. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यावरून सगळ्याच शस्त्रक्रिया निरुपयोगी असं मात्र म्हणू नका. पार निकामी झालेला गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया वेगळी, आणि योग्य रुग्णाला तिचा मोठा फायदा होतो. पण आत काहीतरी 'साफ केलं' म्हणून दुखणं गेलं, हा हिशेब इतका सरळ नसतो.

इथे वाचकाचा पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. 'म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे, असं म्हणायचंय का?' नाही. हा प्रश्न टोचतो, कारण आपल्याकडे 'मनाचं' म्हणजे 'खोटं', 'नाटक', फार तर 'नाजूकपणा'. विशेषतः बायकांना हे फार ऐकावं लागतं. शरीरशास्त्र मात्र वेगळंच सांगतं. कोपर दाराला आपटलं की आपण काय करतो? चोळतो, आणि जरा बरं वाटतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी त्यामागची कल्पना मांडली. इजेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक फाटक लागतं. चोळण्याचा संदेश तिथे आडवा येतो आणि फाटक थोडं लोटलं जातं. मेंदूही वरून ते फाटक उघडतो किंवा लोटतो. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, पण वेदनेचा संदेश वाटेत वाढवला-घटवला जातो, हा गाभा टिकला. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की ही यंत्रणा हळवी होते. मग ज्या स्पर्शानं, ज्या पायरीनं पूर्वी नुसतं जाणवायचं, त्यानं आता कळ येते. झोप नसेल, काळजी असेल, तर फाटक आणखी सताड. ही हाडामांसाच्या शरीरात घडणारी गोष्ट आहे. नाटकाचा इथे संबंध नाही.

आणि ही वाहतूक एका दिशेची नाही. आमवातात सांध्यातल्या सुजेतून टीएनएफसारखी रसायनं रक्तात उतरतात आणि मेंदूवर काम करतात. तापात जशी अंगातली ताकद जाते, काहीच नकोसं वाटतं, तशी ती मरगळ असते, फक्त ती महिनोन्‌महिने चालते. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये मोजक्या आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ रोखणारं औषध शिरेतून देऊन त्यांच्या मेंदूची चित्रं काढली. सांध्यांची सूज अजून उतरली नव्हती, तरी चोवीस तासांच्या आत मेंदूतली वेदनेची धावपळ कमी झालेली दिसली. रुग्ण थोडे होते, त्यामुळे त्यावर मोठा इमला चढवू नये. पण सून किंवा मुलगा जेव्हा म्हणतो, 'आईला हल्ली कशातच रस नाही, आळशी झालीय', तेव्हा त्या आळसाचा पत्ता अनेकदा सुजलेल्या मनगटात असतो, हे घरच्यांना माहीत असायला हवं. अनेक अभ्यासांची बेरीज करून काढलेला अंदाज असा, की आमवाताच्या साधारण सहा रुग्णांमागे एकाला उपचार करावेत इतपत नैराश्य असतं. गुडघ्याच्या तक्रारीसाठी गेलेल्या बाईला 'झोप कशी लागते, मन लागतं का' हे विचारणारा डॉक्टर विषय सोडून बोलत नसतो.

अपेक्षेचं बळ किती, हे ग्लुकोसामाइनच्या गोष्टीत छान दिसतं. 'गादी पुन्हा भरून येते' म्हणून या गोळ्या आपल्याकडे महिन्याला हजार-हजार रुपयांनी विकल्या जातात. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर त्यांची चाचणी झाली आणि २००६ मध्ये निकाल आला. एकंदर रुग्णांत ग्लुकोसामाइन किंवा कॉन्ड्रॉइटिन रिकाम्या गोळीहून सरस ठरलं नाही.  मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचं दुखणं निदान पाचव्या हिश्शानं कमी झालं होतं. यातलं काही आपोआपच होतं, कारण माणूस उपचाराला जातो तो दुखण्याचा कळस असताना, आणि कळसानंतर उतार येणारच. पण काही वाटा असतो तो विचारपूस, ठरलेली तपासणी आणि 'आता काहीतरी चाललंय' या दिलाशाचा. तोच दिलासा रोजच्या वीस मिनिटांच्या हालचालीतून मिळत असेल, तर गोळीच्या डबीवर एवढा खर्च का करायचा?

म्हणून आता हालचालीचं. 'चाललं की गुडघे झिजतात' हा आपल्याकडचा सर्वांत महाग पडणारा समज आहे. गुडघा म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. दाब पडला की स्पंजासारखा द्रव बाहेर, दाब सुटला की आत. बसून राहिलेल्या गुडघ्याला 'वंगण' मिळणार कुठून? झिजेच्या संधिवातावरच्या ५०हून अधिक चाचण्यांचा २०१५ चा एकत्रित आढावा सांगतो, की व्यायामानं गुडघेदुखी शंभराच्या मोजपट्टीवर सरासरी बारा अंशांनी उतरते. ऐकायला थोडं वाटतं, पण अनेक वेदनाशामक गोळ्यांची मजलही एवढीच असते. आमवाताच्या रुग्णांनी तर अंग जपून राहावं असंच पूर्वी सांगत. नेदरलँड्समध्ये ३०९ जणांवर दोन वर्षांची चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा चांगला दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांची कामाची ताकद वाढली, मनाची उभारी वाढली, आणि बहुतेकांच्या मोठ्या सांध्यांचं वेगळं नुकसान झालं नाही. ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच बिघडलेले होते, त्यांना मात्र जपून चालायला सांगितलं गेलं. तो अपवाद तुमचा आहे का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

सुरुवात कशी करायची? घरातली न हलणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या कडेला बसा, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे, खांद्याएवढे फाकलेले. हात छातीवर. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतकं पुढे झुका आणि उभे राहा. खाली बसताना धप्पकन न बसता तीन मोजत बसा, खरा व्यायाम या उतरण्यातच आहे. जमत नसेल तर बैठकीवर दुमडलेली सतरंजी घालून उंची वाढवा. पाच वेळा जमलं तरी पहिल्या आठवड्याला पुरे. दुखेल का? थोडं दुखेल. इथे एक साधा निकष उपयोगी पडतो. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर तेवढा व्यायाम सोसला. नाही आलं, तर आकडा कमी करा, बंद करू नका. आणि उलटी चूकही टाळा. बरं वाटलं त्या दिवशी माळा आवरायला काढायचा, पापडाची लाट एका बैठकीत संपवायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात, हा प्रकार घराघरांत चालतो. मग शरीर शिकतं काय? 'काम केलं की शिक्षा.' बऱ्या दिवशी हात आखडता घ्या, वाईट दिवशी थोडं तरी करा. कणीक दोन वेळा अर्धी-अर्धी मळा, ओले कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवा. मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याचा हट्ट दुखऱ्या गुडघ्यानं करू नये. सत्यनारायणाच्या पूजेला खुर्चीवर बसलं तर देव रागावत नाही.

मनाकडे येताना मी 'सकारात्मक राहा' हा उपदेश करणार नाही. ज्याची बोटं सकाळी बरणीचं झाकण उघडत नाहीत त्याला हसतमुख राहायला सांगणं हा अडाणीपणा आहे, किंचित क्रूरपणाही. पुरावा सांगतो ते याहून कोरडं आणि कामाचं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. शिकवणारे बहुतेक सामान्य लोक होते, त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःलाच संधिवात होता. दुखण्याशी कसं निभवायचं, व्यायाम कसा बेतायचा, डॉक्टरांशी कसं बोलायचं, एवढाच अभ्यासक्रम. चार वर्षांनी मोजलं तेव्हा सहभागी लोकांचं दुखणं सरासरी २० टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी झालेल्या होत्या. गंमत पुढे आहे. याच चार वर्षांत त्यांची शारीरिक अडचण थोडी वाढलेलीच होती. रोग पुढे सरकला, दुखणं मागे हटलं. फरक कशानं पडला याचा शोध घेतल्यावर संशोधकांना दिसलं, की कुणी किती व्यायाम केला यापेक्षा 'हे मला हाताळता येतं' ही खात्री वाढणं जास्त जुळत होतं. ही खात्री भाषणानं येत नाही. काल पाच वेळा उठलो, आज सहा वेळा, अशा लहान आणि मोजता येणाऱ्या विजयांतून ती येते. म्हणून खुर्चीचा व्यायाम आणि मनाचा उपचार या दोन गोष्टी नाहीत.

याच्या उलट असतो तो भयाचा पाढा. 'आता काही खरं नाही', 'माझ्या आईचंही असंच झालं, शेवटी जागेवरच होती', 'उद्या कुणावर भार व्हायचं'. वेदनेबद्दल असं सतत घोकणाऱ्यांना तेवढ्याच आजारात जास्त दुखतं, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. विचार दाबून हा पाढा थांबत नाही. तो कागदावर काढल्यानं मात्र थोडा सैल होतो. अमेरिकेत १९९९ च्या एका चाचणीत आमवाताच्या रुग्णांना लागोपाठ तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत ताण देणाऱ्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. चार महिन्यांनी त्यांच्या आजाराची तीव्रता डॉक्टरांच्या तपासणीत २८ टक्क्यांनी उतरलेली आढळली. इतरांनी केलेल्या पुढच्या प्रयोगांत फायदा कधी दिसला, कधी नाही. तरी वही आणि पेनाचा खर्च पाहता करून बघायला हरकत नाही. 'आम्हाला कुठला वेळ, सकाळी पाचला उठून डबे करायचे असतात' हा आक्षेप मला ध्यानधारणेच्या शिबिरांपेक्षा खरा वाटतो. अशा बाईला आणखी एक काम सांगणं अन्यायाचं आहे. तिच्यासाठी पहिला उपचार म्हणजे घरातल्या कुणीतरी रात्रीची भांडी आणि सकाळची घाई वाटून घेणं, म्हणजे तिला सलग सात तास झोप मिळेल. झोप मोडलेल्या रात्रीनंतर सांधे जास्त दुखतात, हे प्रयोगातही मोजलं गेलेलं आहे.

आहाराच्या बाबतीत आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस आहे आणि त्यातले बहुतेक 'बंद करा' या जातीचे. वातूळ म्हणून हरभरा, वाल, पावटा बंद, आंबट म्हणून दही-ताक बंद, टोमॅटो, वांगं, बटाटा बंद. कुणीतरी युरिक ॲसिडचं नाव काढतं, मग डाळीही बंद. वास्तविक युरिक ॲसिडचा संबंध असतो तो गाऊट या वेगळ्या आजाराशी, आणि त्यातही धोका वाढवणारे दिसले ते मांस, काही सागरी अन्न आणि बिअर. डाळी-कडधान्यांनी तो वाढल्याचं मोठ्या पाहणीत दिसलं नाही. ही बंदी सरसकट पाळली की ताटात उरतो भात, पोळी आणि पातळ वरण, म्हणजे ज्या स्नायूंनी गुडघा पेलायचा त्यांचाच घास काढून घेतला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत सातेक ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा. बोटानं मोजा, तुमच्या ताटाची बेरीज कळेल. उपवासाचंही तसंच. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरल्या तर महिन्याला सात-आठ दिवस साबुदाण्यावर जातात, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास मोडा असं मी म्हणत नाही, त्याला दूध, दही, शेंगदाणे, राजगिऱ्याची जोड द्या आणि वरून ओतलेलं तूप आवरा.

'पण आमच्या शास्त्रात पथ्य सांगितलंय' असं कुणी म्हणेल. सांगितलंय, आणि आमवाताचा संबंध बिघडलेल्या पचनाशी जोडणारं माधवनिदान हा काही पाश्चात्त्य ग्रंथ नव्हे. पण वैद्य पथ्य सांगतो ते एका माणसाला, एका अवस्थेपुरतं. मोबाइलवर फिरणारी यादी सगळ्यांना, जन्मभरासाठी असते. एखादा पदार्थ आपल्याला बाधतो असं वाटत असेल तर तो तीन आठवडे सोडा, मग पुन्हा चार दिवस खा आणि रोजचं दुखणं शून्य ते दहा या पट्टीवर लिहा. फरक दिसला तर सोडा, नाही दिसला तर पावट्याची उसळ सुखानं खा. आहाराचा आमवातावर काहीच परिणाम होत नाही असंही नाही. नॉर्वेमध्ये १९९१ साली ५३ रुग्णांवर चाचणी झाली. थोड्या दिवसांचा उपवास आणि मग वर्षभर शाकाहार करणाऱ्यांना महिन्यातच बरं वाटू लागलं आणि ते वर्षभर टिकलं. अडचण एवढीच, की कोण पथ्यावर आहे हे रुग्णांना ठाऊक होतं, त्यामुळे अपेक्षेचा वाटा वेगळा काढता येत नाही. माशांतल्या ओमेगा-३ नं दुखऱ्या सांध्यांची संख्या आणि वेदनाशामकांची गरज थोडी घटते. म्हणून कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या ताटात बांगडा, तारली आहे त्यांनी ती टिकवावी, तळण्यापेक्षा कालवणात. जवसाची चटणी चांगलीच, पण तिच्यातल्या ओमेगा-३चं माशांतल्यासारख्या ओमेगा-३ मध्ये रूपांतर शरीरात फार थोडं होतं. हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्के. चमचाभर हळदीच्या दुधात चाचण्यांत वापरलेल्या मात्रेचा लहानसा भागच येतो. दूध आवडीनं प्या, औषध म्हणून मोजू नका. आणि तीव्र मात्रेच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेऊ नका, यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

आहाराचा सर्वांत मोठा, सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत पक्का फायदा वजनाचा आहे. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. अमेरिकेत ४५४ स्थूल आणि गुडघेदुखीच्या रुग्णांवर दीड वर्ष चाचणी झाली, २०१३ मध्ये ती छापून आली. आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी ११ टक्क्यांनी आणि दुखणं जवळजवळ निम्म्यानं कमी झालं. ७२ किलोच्या माणसासाठी याचा अर्थ आठ किलो. एकदम आठचा विचार केला तर मन बसतं. संध्याकाळचा चहा-खारी-फरसाणाचा एक फेरा आणि जेवणातली दुसरी भाताची वाढणी, एवढ्या दोनच गोष्टींना सहा महिने द्या.

शेवटचा आक्षेप उलट्या बाजूचा. 'एवढं सगळं मनानं आणि अन्नानं होत असेल, तर औषधं कशाला?' झिजेच्या संधिवातात वेदनाशामक गोळ्या जितक्या कमी तितकं बरं, कारण पोट आणि मूत्रपिंड त्यांची किंमत मोजतात. आमवातात मात्र हा विचार घातक आहे. तिथे सूज हाड कुरतडते, आणि पहिल्या काही महिन्यांत सुरू केलेलं औषध जे वाचवतं ते नंतर परत मिळत नाही. मन शांत असलं, ताट चोख असलं तरी कुरतडणं थांबत नाही. दोन्ही हातांची बोटं किंवा मनगटं सुजून सहा आठवडे झाले असतील, तर घरगुती प्रयोग पुरेत, संधिवाततज्ज्ञ गाठा. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी. बिननावाची पुडी दोन दिवसांत जादू करते, तेव्हा तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या, असे प्रकार तपासण्यांत उघड झालेले आहेत. आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिलं असेल तर ती गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला लाल खूण करून ठेवा.

सांध्याला सूज नसलेल्या एखाद्या सकाळी, घरातलं कुणी शेजारी उभं असताना, त्याच भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. आकडा आणि तारीख फोटोच्या पाकिटावर पेनानं लिहा. महिन्यानं पुन्हा मोजा, त्याच्या खाली लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ते पाकीट ठेवाल तेव्हा आतली फिल्म काढण्याआधी त्यांना वरचे आकडे दाखवा.